सगळं एका डब्यात, धनी कोणीच नाही

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराची गाडी आत आली की शेठ केबिनमधून उठून स्वतः खाली येतो. ढिगात माती किती, पत्रा किती, गंज किती, मधेच एखादं तोंड बंद असलेलं सिलिंडर दडलंय का (असलं तर भट्टीत स्फोट ठरलेला), हे तो नजरेनं ताडतो. किलोमागे पंचवीस पैशांसाठी दलालाशी तासभर भांडतो, आणि बरोबर करतो. भट्टीतल्या रसाचा नमुना स्पेक्ट्रोवर जाऊन कार्बन, गंधक आणि फॉस्फरसचे आकडे हातात आल्याशिवाय त्याच्याकडे हीट (भट्टीचा एक घाणा) ओतत नाहीत. या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं अख्खं मार्केट म्हणतं. मग हाच माणूस कारखान्याचा सगळा हिशेब ज्या यंत्रावर ठेवायचा, ते यंत्र कशावर भरवसा ठेवून घेतो? एका ओळीच्या कोटेशनवर.

ती ओळ मला पाठ आहे. मी या वसाहतीत सर्व्हर आणि नेटवर्कचीच कामं करतो. "सर्व्हर कम्प्लीट विथ ओएस, अँटिव्हायरस, टॅली कॉन्फिगरेशन अँड बॅकअप, एक नग." खाली रक्कम, त्याखाली 'जीएसटी एक्स्ट्रा', त्याखाली विक्रेत्याचा शिक्का. ओएस कोणती, कुठल्या सालची, परवाना कोणाच्या नावावर? बॅकअप कशावर, किती दिवसांचा, आणि वेळ आली तर परत आणणार कोण? यातलं एक अक्षर कागदावर नसतं. तोंडी मात्र भरपूर असतं. "शेठ, बिनधास्त राहा. सगळं एकात आहे, झंझटच नाही." शेठ मान हलवतो. सळईच्या एका बंडलाला टॅग नसेल तर सुपरवायझरला फाडून खाणारा माणूस इथे मान हलवतो!

माझं म्हणणं सरळ आहे. सगळं एकाच यंत्रात असावं, ही कल्पना उत्तम आहे आणि लहान कारखान्याला तीच हवी. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, फाइली, कोणी काय बघायचं याचे हक्क, बॅकअप, हे सगळं एकमेकांना ओळखून बांधलेलं असावं आणि बिघडलं तर एकाच माणसाची मानगूट धरता यावी. आपल्याकडे विकलं जातं ते नेमकं उलटं. सामान एका डब्यात कोंबलेलं आणि जबाबदारी पाच जणांत विखुरलेली. याला मी फसवणूक म्हणतो. तिच्यात विकणारा सामील आहे, घेणारा सामील आहे, आणि वर बसून दर दहा वर्षांनी तत्त्वज्ञान बदलणाऱ्या बड्या कंपन्याही सामील आहेत.

आधी डबा उघडून बघू.

विक्रेत्याचा मुलगा येतो, पेन ड्राइव्ह लावतो. त्याचं पहिलं काम कोणतं? विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, डिफेंडर, बंद करणं. कारण त्याच्या पेन ड्राइव्हमधल्या 'अ‍ॅक्टिव्हेटर'ला डिफेंडर विषाणू समजतो. समजणारच. कुठल्या देशातल्या कोणत्या माणसानं लिहिला ते माहीत नाही आणि चालताना यंत्राचे सगळे अधिकार मागतो, असा तो प्रोग्रॅम आहे. तो चालतो, पडद्याच्या कोपऱ्यातली 'विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा' ही ओळ जाते. मग हाच मुलगा त्याच यंत्रावर अँटिव्हायरस बसवतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. नव्या अँटिव्हायरसनंही अ‍ॅक्टिव्हेटरवर बोट ठेवू नये म्हणून त्याचं फोल्डर अपवादांच्या यादीत टाकतो. शेवटी विंडोजची अपडेट कायमची बंद करतो. का? अपडेट आलं तर क्रॅक उडेल म्हणून.

हे पुन्हा एकदा नीट वाचा. ज्या यंत्रावर कारखान्याचा हिशेब, पगार आणि गिऱ्हाइकांची उधारी राहणार, त्याला जन्माच्या पहिल्या तासातच आंधळं केलं जातं, आणि या शस्त्रक्रियेचं बिल शेठ फेडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूनं जगभर यंत्रं कुलूपबंद केली, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. हल्ला झाला १२ मेला. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट चालू ठेवली होती ते वाचले. आपल्याकडे अपडेट बंद करणं हा बसवण्याच्या कामाचा भाग आहे!

पुढचा पराक्रम. साध्या विंडोज १० वर एका वेळी एकच माणूस लांबून बसू शकतो. टॅलीत पाच जणांना बसायचंय. मग ती मर्यादा मोडणारं जुगाड टाकलं जातं आणि साधा पीसी 'सर्व्हर' म्हणून मिरवायला लागतो. शेठला पुण्याच्या फ्लॅटवरून खाती बघायची असतात, सीएला संभाजीनगरहून. त्यासाठी राउटरमध्ये ३३८९ नंबरचं दार थेट इंटरनेटवर उघडून ठेवतात. पासवर्ड काय? कारखान्याचं नाव आणि पुढे १२३. जगभरातली यंत्रं चोवीस तास हीच दारं चाचपत फिरत असतात. त्यांना जालना कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही.

बॅकअप म्हणजे मागच्या यूएसबीला बसवल्या दिवसापासून चिकटलेली हार्ड डिस्क. आणि वीज? भट्टीला उच्च दाबाचा स्वतंत्र फीडर, आणि सर्व्हरला ऑफिसच्या पंख्याशेजारचं सॉकेट. वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्या लाइनवर हार्मोनिक्स सोडतात, व्होल्टेज नाचवतात, हे इथल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला ठाऊक आहे. भट्टीच्या पॅनलसाठी त्याचा हिशेब मांडला जातो. सर्व्हरच्या वाट्याला येतं घरगुती इन्व्हर्टर, आणि रोलिंग मिलची काळी भुकटी आत ओढणारा उघडा पंखा.

आता असा डबा एका सकाळी मरतो तेव्हा काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. मिलचं नाव देणार नाही. काटेवाल्याचा फोन आला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. काट्याच्या पडद्यावर वजन दिसत होतं, पण चिठ्ठी निघत नव्हती. मी पोहोचलो तेव्हा गेटबाहेर गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, ड्रायव्हर चहा पीत शिव्या देत होते. सर्व्हर चालू होता, पंखा फिरत होता. टॅलीचं डेटा फोल्डर उघडलं तर आतल्या प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेलं. डेस्कटॉपवर एक साधी टेक्स्ट फाइल, आणि तिच्यात इंग्रजीतून खंडणीची मागणी. चिकटलेली हार्ड डिस्क उघडली, तिथेही तेच शेपूट. गूगल ड्राइव्हवर आपोआप प्रत जात होती, म्हणून कोणीतरी आशेनं ती उघडली. ड्राइव्हनं आपलं काम चोख केलं होतं. कुलूपबंद झालेल्या फाइली इमानदारीनं वर चढवून ठेवल्या होत्या.

आता गाड्या. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. ई-इनव्हॉइस नाही तर आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) नाही, आयआरएन नाही तर बिल कायद्यानं बिल नाही. आणि राज्याबाहेर जाणारा ५० हजारांच्या वरचा, राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. पंचवीस टन सळईची एक गाडी दहा लाखांच्या पुढची असते. सरकारी पोर्टलवर हातानं काम भागवता येतं, पण त्यासाठी शेवटचा बिल नंबर हवा, पार्टीचा जीएसटी नंबर हवा, ठरलेला दर हवा. ते सगळं कुठे? त्याच डब्यात. शेवटी डिस्पॅचच्या पोरानं आदल्या रात्री स्वतःच्या मोबाइलवर काढलेले काटा-चिठ्ठ्यांचे फोटो कामाला आले. कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीची मिल दुपारपर्यंत एका पोराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर चालली.

खरी गंमत पुढे आहे. शेठनं एकेकाला बोलावलं. हार्डवेअरवाला म्हणाला, "साहेब, मशीन ओके आहे, डिस्क ओके आहे. व्हायरस वॉरंटीत येत नाही." टॅलीवाला म्हणाला, "सॉफ्टवेअर चालतंय ना? फाइल खराब आहे, ती तुमची." काट्याचा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "मी फक्त केबलवरून वजन वाचतो." इंटरनेटवाला म्हणाला, "राउटरमधलं दार आम्ही उघडलेलं नाही." अँटिव्हायरसच्या हेल्पलाइनवरची मुलगी अत्यंत सभ्य हिंदीत म्हणाली, की अपवादांची यादी आपणच भरलेली आहे. शेठ माझ्याकडे वळला. "भाऊ, यातला खोटं कोण बोलतंय?"

कोणीच नाही. पाचही जण खरं बोलत होते. यालाच मी या धंद्याचा गाभा म्हणतो. प्रत्येकानं आपापला तुकडा विकला आणि प्रत्येकाचा तुकडा शाबूत होता. एकत्र चालणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी कोणी घेतलेलीच नव्हती, कारण शेठनं ती कोणाकडे मागितलीच नव्हती. कोटेशनच्या त्या एका ओळीत 'कम्प्लीट' लिहिणारा विक्रेता त्या दिवशी फोन उचलत नव्हता.

सीएच्या ऑफिसात ऑडिटच्या वेळी नेलेली एक जुनी प्रत सापडली म्हणून खाती वाचली. पुढचे महिने कागदावरून पुन्हा टाइप करावे लागले. तेही होतं, माणसं बसवली की होतं. हीटचं काय? कोणती हीट, तिचं रसायन काय, ती कोणत्या बिलेटमध्ये गेली आणि ते बिलेट कोणत्या बंडलात, ही साखळी आयएस १७८६ प्रमाणे माल विकणाऱ्या मिलचा कणा आहे. पुलाचा ठेकेदार वर्षभरानं एफई ५००डी च्या एखाद्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट मागतो, तेव्हा ती साखळी दाखवावी लागते. स्पेक्ट्रोचे आकडे एक्सेलमध्ये होते, एक्सेल त्याच सर्व्हरवर होतं, आणि छापील प्रत ठेवायची पद्धत 'आता सगळं कॉम्प्युटरवर आहे' म्हणून बंद केलेली. रस नव्यानं तपासता येत नाही. त्याची सळई होऊन ती काँक्रीटमध्ये गेली.

पोलादानंतर जालन्याचं दुसरं सोनं बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या परंपरेत नंतर उगवलेल्या काही लहान कंपन्यांत मी गेलोय. पैदासकारानं कित्येक हंगाम उन्हात उभं राहून टिपलेल्या चाचण्या, नर-मादी वाणांची सगळी वंशावळ, अशाच एका डब्यात, अशाच एका एक्सेलमध्ये असते. पोलादवाल्याचं निदान भंगार पुन्हा मिळतं. गेलेला हंगाम कोण परत देणार?

आता वरच्या मजल्यावरच्या मंडळींकडे येऊ. आपला विक्रेता निदान पोटासाठी खोटं बोलतो. हे लोक श्वेतपत्रिका छापून बोलतात.

१९९७ साली मायक्रोसॉफ्टनं स्मॉल बिझनेस सर्व्हर आणला. एकाच यंत्रात विंडोज एनटी, ईमेलसाठी एक्स्चेंज, एसक्यूएल सर्व्हर, प्रॉक्सी, अगदी फॅक्ससुद्धा. वापरणारे सुरुवातीला २५, पुढे वाढत वाढत ७५ पर्यंत. माल चांगला होता, हे मी निःसंकोच सांगतो. बॅकअप आतच होता, रोज सकाळी यंत्राच्या तब्येतीचा अहवाल ईमेलनं यायचा, आणि हे सगळं एकमेकांशी जुळवून चालवायची जबाबदारी एकाच कंपनीची होती. पण तीच कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांत काय लिहीत होती? एक्स्चेंज डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या यंत्रावर, बसवू नका. सुरक्षेला वाईट, कामालाही वाईट. म्हणजे मोठ्याला जे करू नको म्हणून बजावायचं, ते लहानाला पेटीत भरून विकायचं! २००३ च्या प्रीमियम आवृत्तीत फायरवॉलही त्याच यंत्रावर होता. जगाशी थेट बोलणारं यंत्र आणि कारखान्यातल्या सगळ्या पासवर्डांचा मालक एकच. २००८ च्या आवृत्तीत तो फायरवॉल तिथून काढला गेला. पाच वर्षं ज्यांनी तो वापरला त्यांची कोणी माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

वर अटी. एका डोमेनमध्ये असा दुसरा सर्व्हर चालणार नाही. शेजारच्या डोमेनशी विश्वासाचं नातं जोडता येणार नाही. मुख्य अधिकार दुसऱ्या यंत्राकडे नेलेत तर सवलतीचे दिवस संपल्यावर हा सर्व्हर स्वतःहून बंद पडणार. कारखाना वाढला की शिक्षा, अशी ती योजना होती. आणि २०१२ च्या जुलैत कंपनीनं जाहीर केलं की हा प्रकारच आता बंद. ईमेल आमच्या क्लाउडवर आणा, कारखान्यात यंत्र ठेवणं हा जुना विचार. ठीक. मग १२ वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच कंपनीनं आपल्या एका मालाला नवं नाव दिलं: अ‍ॅझ्युर लोकल. हे काय? तुमच्याच कारखान्यात ठेवायचं यंत्र, त्यावर त्यांचा क्लाउड, आणि तुमच्याच जागेत तुमच्याच विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे दरमहा भाडं. यंत्र कारखान्यात परत आलं, मालकी मात्र गेली. या वर्तुळाला ते प्रगती म्हणतात.

दुसरे यांच्याहून वेगळे आहेत असं समजू नका. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये, एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरातच कायमचे परवाने विकणं थांबवलं. दहा वर्षं तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला रातोरात भाडेकरू केलं. फुकटच्या लिनक्सवर विसंबलेल्यांचीही गत तीच. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार, या भरवशावर लोकांनी यंत्रं उभी केली. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं जाहीर केलं की तो २०२१ अखेरच बंद होणार. सात वर्षांहून जास्त आधार एका निवेदनात गेला.

मग हे काम कोणी धड केलंय का? केलंय, आणि फार पूर्वी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. १९७८ साली आयबीएम परकीय चलनाच्या 'फेरा' कायद्याच्या वादातून भारतातून बाहेर पडली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिनं सिस्टिम/३८ जाहीर केली. तिच्यातून २१ जून १९८८ ला एएस/४०० आली. आज तिचं नाव आयबीएम आय. या यंत्रात डेटाबेस वेगळा बसवायचा नसतो, तो ऑपरेटिंग सिस्टिमचाच अवयव आहे. हक्क, नोंदी, छपाई, रात्रीची कामं, सगळं एकाच हातानं घडवलेलं. तिथे डेटाची फाइल ही डेटाच राहते, तिला फसवून प्रोग्रॅम म्हणून चालवता येत नाही. ही अट सिस्टिमच्या पायात आहे. आणि १९९५ मध्ये आयबीएमनं आतला प्रोसेसर पूर्ण बदलला, ४८ बिटी जाऊन ६४ बिटी आला, तेव्हाही गिऱ्हाइकांना जुने प्रोग्रॅम नव्यानं लिहावे लागले नाहीत. सत्तरच्या दशकात बसलेल्या माणसांनी पुढच्या प्रोसेसरचा विचार केला होता. आमचा विक्रेता पुढच्या अपडेटचा करत नाही!

मी जालन्यात आयबीएम आणा म्हणत नाही. किंमत झेपणार नाही, चालवणारी माणसं इथे मिळणार नाहीत, आणि तिचं फोल्डर विंडोजवर उघडं टाकलं तर रोगट पीसी तेही कुलूपबंद करतो. मी ही आठवण करून देतो ती एवढ्यासाठी, की धड काम अशक्य आहे हे जे आपल्याला ऐकवलं जातं ते धादांत खोटं आहे. व्यवस्था एकसंध बांधता येते. बांधणाऱ्यानं पुढची वीस वर्षं तिच्यामागे उभं राहायचं ठरवलं पाहिजे, एवढंच.

"पण भाऊ, आम्हाला परवडत नाही." हे वाक्य मी कोणाकडून ऐकतो? ज्याच्या भट्टीशेजारी पाटी लटकलेली असते आणि तिच्यावर दर हीटनंतर खडूनं रेघ मारली जाते. ठरलेल्या हीट झाल्या की तो चालू ऑर्डर थांबवून लाइनिंग बदलतो. रस गळायची वाट बघत नाही. विंडोज सर्व्हरच्या प्रत्येक आवृत्तीची अखेरची तारीख अशीच आधी छापलेली असते. २००८ आर२ ची १४ जानेवारी २०२०, २०१२ आर२ ची १० ऑक्टोबर २०२३. या तारखा कधी कोणी पाटीवर लिहिल्या? या एमआयडीसीत २०१२ आर२ वर चालणारी बिलिंगची यंत्रं मला आजही भेटतात. लाइनिंगचा खर्च परवडतो, स्पेक्ट्रो परवडतो, लग्नातला मांडव परवडतो. परवाना परवडत नाही.

आणि कायदा? कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला लागतं, आणि धंद्यासाठी वापरलात तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. विकणारा वेगळा अडकतो, पण आपण 'मी तर फक्त वापरत होतो' म्हणून सुटत नाही. कंपनी असाल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतला बदल टिपणारं सॉफ्टवेअर. शिवाय कंपनी कायद्यानं हिशेबाची वह्यापुस्तकं आठ वर्षं राखायची. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवायचा आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. त्या मिलमध्ये सहा तास गेले पाच जणांच्या तोंडाकडे बघण्यात. नंतर मी तक्रार करू म्हटलं तेव्हा शेठ गप्प झाला. का गप्प झाला ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तक्रारीत पहिला प्रश्न येणार: ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना दाखवा. लुटलं गेल्यावरही पोलिसांकडे जाता येऊ नये, अशी पक्की तजवीज त्यानं स्वतःच पैसे मोजून करून ठेवली होती.

पैसाच अडचण असेल तर फुकटाचे कायदेशीर रस्ते आहेत, आणि ते वापरणारा मी एकटा नाही. डेबियन लिनक्स, त्यावर व्हीएमवेअरचंच काम करणारं प्रॉक्समॉक्स, त्यात टॅलीसाठी परवान्याचं एकच विंडोज. संपूर्ण कारखान्याचं सॉफ्टवेअर हवं तर ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईतच घडलंय, त्याचा कोड उघडा आहे. घरच्या फर्निचरच्या धंद्यात ईआरपी बसवताना हैराण झालेल्या माणसानं ते सुरू केलं. यातलं काहीही घ्या, सांभाळणारा माणूस मात्र पगारावर किंवा लेखी करारावर पाहिजे. तो खर्च वाचवण्यासाठी फुकटचं लिनक्स टाकणारा शेठ आणि क्रॅक टाकणारा शेठ यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघांनाही यंत्र हवंय, मालकी नकोय.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'सगळं एकात' घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि परचेस ऑर्डरवर हे लिहून घ्या. प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना कारखान्याच्या नावावर, आणि त्याची आधार संपायची तारीख शेजारी. ३३८९ किंवा दुसरं कुठलंही दार इंटरनेटवर उघडं सापडलं तर दंड विक्रेत्याला. बॅकअपच्या तीन प्रती, त्यातली एक तारेनं कशालाच न जोडलेली आणि कारखान्याबाहेर. टॅली, काटा, स्पेक्ट्रो आणि इंटरनेट, कशातही बिघाड झाला तरी फोन करायचा नंबर एकच, आणि तो माणूस 'ते माझं नाही' म्हणू शकणार नाही, अशी सही. शेवटचा हप्ता रोखून ठेवा. त्यानं तुमच्या डोळ्यांदेखत एक कोरं यंत्र लावावं, बाहेरच्या प्रतीवरून त्यावर कालचा दिवस उभा करावा आणि कालचं शेवटचं बिल, त्याच्या हीट नंबरासकट, छापून तुमच्या हातात द्यावं. तेव्हाच चेकवर सही करा.